मागून आलेली हाक

इटलीत सायकल चालवायला निघालेल्या बाबांना क्षिप्रानं दारातून मागून हाक मारली, तेव्हा आई केवढी खवळली होती! "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये गं!"

"चिल लाह, आई," क्षिप्रा फिदीफिदी हसली होती. सिंगापुरात, चोआ चू कांगच्या बाराव्या मजल्यावर कसले आलेत अपशकुन?

बाबा सुखरूप परतले. आता त्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं शूटिंग टीव्हीवर चालू होतं. द्राक्षांचे मळे, छाती फोडणारे चढ, मोकळा रस्ता. एक नंबर!

तेवढ्यात टीव्हीतून एका मुलीची हाक आली. "बाबा!"

कॅमेरा गर्रकन मागे वळला. रस्त्यावर कुणीच नव्हतं. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

आईनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. "उल्हास, तिकडे तुला बाबा म्हणणारी ही कोण?"

"एकटाच होतो गं. मला कुठलीच हाक ऐकू आली नाही."

"मग वळून कुणाला बघतोयस?"



बाबा आपल्याशी तरी खोटं बोलणार नाहीत, असं वाटून क्षिप्रानं त्यांना हाक मारायला तोंड उघडलं.

तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. हाक टीव्हीतून आली.