मानमोडीतून उठलेला कोंबडा

धाड गावच्या बाजारात लिंबाखालची कोंबड्यांची जागा त्या दिवशी जवळजवळ रिकामी होती. मानमोडीच्या रोगानं पावसाळाभर आसपासच्या गावांतली खुराडी साफ केली होती, आणि रोग इकडचा तिकडं जाऊ नये म्हणून बायांनी बाजारच सोडला होता. दिवाळी उलटल्यावर मनकर्णाबाई पहिल्यांदा येऊन बसली. तिच्यापुढं डालग्याखाली एकच कोंबडा होता. तांबडा, उंच पायांचा, मान जराशी वाकडी राहिलेला.

"एवढाच राह्यला?" शेजारच्या शालूबाईनं विचारलं. तिच्या घरी तर पीसही उरलं नव्हतं. ती वांगी घेऊन बसली होती.

"एवढाच. मान टाकून पडेल होता. म्या त्याच्यासाठी खड्डाबी खंदला. सकाळी पाह्यतो तं हा उठून खड्ड्याच्या मातीत किडे टिपून राह्यला."

"मंग इकून काऊन राह्यली?"

"एकट्या कोंबड्याचं काय करू? दिसभर रिकाम्या खुराड्याभवती फिरते. मले पाह्यवत नाई."

तेवढ्यात इंद्रभान आला. गावाबाहेरच्या आमराईत दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू पडला होता, आणि तंबूवरचा हा पट्टेवाला सकाळपासून कोंबडीसाठी बाजार धुंडाळत होता. त्यानं डालगं उचललं, कोंबड्याचे पाय धरून वजन अजमावलं आणि वाकडी मान पाहून हसला.

"मान कशीबी असो. साहेबाच्या ताटात मान जात नाई."

मनकर्णाबाईनं होकार दिला. घासाघीस करण्याचं बळ तिच्यात नव्हतं. इंद्रभाननं पाय बांधायला सुतळी काढली.

"मनकर्णाबाई, देऊ नको त्याले."

गर्दीतून अमीरबी धापा टाकत येत होती. कोसभरावरच्या गावातली, अन्वर पिंजाऱ्याची बायको. दोघी कित्येक वर्षं याच लिंबाखाली शेजारी बसत आल्या होत्या. अमीरबीचं सारं खुराडं रोगात गेलं, असं मनकर्णाबाईनं पावसाळ्यात ऐकलं होतं. त्यानंतर कोणाला विचारायचा तिला धीरच झाला नव्हता. आणि आता अमीरबीच्या हातात कोंड्यात ठेवलेल्या अंड्यांची टोपली होती.

"अंडे?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"तीन कोंबड्या वाचल्या माय. रोग आला तवा अन्वरनं त्याईले शेतातल्या झोपडीत नेऊन ठेवलं होतं. आता अंडे देतेत. पन अंड्यावर बसवल्या तं एकबी अंडं फुटलं नाई, सारे गंदे निंघाले. गावात कोंबडाच नाई ना. तुह्याजवळ कोंबडा दिसला असं रस्त्यात समजलं, तशी पयत आली."

मनकर्णाबाईनं टोपलीकडं पाहिलं, मग इंद्रभानच्या हाताकडं.

"भाऊ, सोड त्याले."

"सोडू कसा? तुम्ही हो म्हनलं बाई. साहेबाले मी काय वाढू, वांगे?" इंद्रभान रागावला नव्हता, धास्तावला होता. काल तो रिकाम्या हातानं परतला होता आणि त्याबद्दल भरपूर ऐकून घेतलं होतं.

कोंबडा त्याच्या मुठीत उलटा लोंबत होता. फडफडतही नव्हता.

अमीरबीनं टोपली पुढं सरकवली. "हे सारे ने."

"अन् फोडल्यावर आतून पिल्लू निंघालं तं? साहेब मलेच फोडंन."

"याच्यातून पिल्लू निंघत असतं भाऊ, तं मी एवढी पयत कायले आली असती?"

शालूबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. इंद्रभाननं एक अंडं उन्हात धरलं, कानाजवळ हलवून पाहिलं. दुसरं पाहिलं. मग त्यानं कोंबडा सुलटा केला आणि दोन्ही हातांनी मनकर्णाबाईच्या मांडीवर ठेवला.

"आमलेट तं साहेब रोजच खाते," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. त्यानं अंड्यांची टोपली उचलली, तशी शालूबाईनं न मागता तिच्यात वांगी ठेवली.

तो दिसेनासा झाला तेव्हा कुठं मनकर्णाबाईनं कोंबडा छातीशी धरला.

"ने घरी," ती अमीरबीला म्हणाली. "पिल्लं झाले का मले एखाददोन दे."

"एखाददोन काऊन? निमे तुहे. अन् तूबी चाल. नव्या जागी त्याले एकट्याले गमनार नाई."

मनकर्णाबाईचं गाव उलट्या दिशेला होतं. तरी ती निघाली. गाडीवाटेनं दोघी मेलेल्या आणि उरलेल्या कोंबड्यांचं बोलत राहिल्या.

"पांढरी?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"गेली. पयले थेच गेली."

"अन् थे कनगीत जाऊन अंडे घालनारी?"

"थे वाचली. कोनाच्या अंड्याची व्हती थे, याद हाये का?"

"माह्या," मनकर्णाबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण चाल हलकी झाली होती.

अमीरबीच्या अंगणात तिनं कोंबडा सोडला. तिन्ही कोंबड्या कुंपणाशी सरकल्या. तो जरा वेळ एका पायावर उभा राहिला, मग उकिरड्यावर चढला, पंख झाडले आणि भर दुपारी आरवला.

घरातली पिंजणीची तार थांबली. अन्वर अंगाला चिकटलेल्या कापसासकट दारात आला. गल्लीतली दारं एकेक उघडली. पिठाचे हात तसेच घेऊन एक म्हातारी कुंपणापलीकडून वाकली. कित्येक महिन्यांत त्या गावात असा आवाज झाला नव्हता.

"कोनाच्या घरी व?" तिनं विचारलं.

मनकर्णाबाईच मोठ्यानं म्हणाली, "आपल्या."