बोर्डामागचा खांब

इरफानभाईंनी ओलीनं फुगलेला जिप्सम बोर्ड कापून खाली उतरवला. हॉलची अर्धी भिंत उघडी पडली होती. आतल्या खांबाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"नवा बोर्ड आजच लागेल ना?" कुमुदताईंनी विचारलं. हा फ्लॅट घेऊन त्यांना दोनच महिने झाले होते.

"बोर्डाचं राहू द्या, ताई. इथं कान लावा."

खांबात बारीक करकर चालू होती.

ताई धावतच वरच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. ते जेवत होते. "आधीचा मालकही हेच सांगत होता," ते म्हणाले. "मीच त्याला म्हटलं, वरून बोर्ड लाव आणि फ्लॅट विकून टाक."

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी आणि इरफानभाईंनी दारोदारी बेल वाजवून सगळ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं.

अर्ध्या तासात सगळी बिऱ्हाडं रस्त्यापलीकडे उभी होती. सेक्रेटरींच्या बायकोनं खालून हाक मारली, "अहो, या ना लवकर!"

सेक्रेटरी गॅलरीत आले. खालच्या गर्दीकडे बघून हसले आणि हात झटकून पुन्हा आत गेले.

त्यांच्या पाठोपाठ गॅलरीसकट अख्खी इमारत कोसळली.