आईच्या बंद नंबरवर

'आई, आज पुन्हा एकटीच जेवले,' ऋजुताच्या नवऱ्याच्या वकिलांनी तिचा मेसेज भर कोर्टात वाचून दाखवला.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या बंद पडलेल्या नंबरवर ऋजुता रोज मनातलं लिहायची. घर सोडताना नवऱ्याच्या लॅपटॉपवर आपलं व्हॉट्सॲप उघडंच राहिलंय, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मेलेल्या बाईशी बोलत बसणाऱ्या आईकडे मुलीचा ताबा द्यायचा?" वकिलांनी विचारलं.

"पुरे, वकीलसाहेब," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "लेकीनं आईला लिहिलेलं असं चारचौघांत वाचायचं नसतं." त्यांनी ते कागद बाजूला सारले.

बाहेर आल्यावर ऋजुताच्या वकीलबाईंनी तिच्याच फोनवरून तो लॅपटॉप लॉगआऊट करून दिला. "आता बिनधास्त लिहा. कुणी वाचणार नाही."

भाड्याच्या खोलीवर येऊन तिनं आईचं नाव उघडलं. सांगायला कितीतरी होतं. पण पहिलं वाक्य लिहिताच ते तिला त्या वकिलांच्या आवाजात ऐकू आलं. तिनं ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच आवाज आला.

तिनं फोन पालथा ठेवला. आई गेल्याचं तिला त्या दिवशी खरं वाटलं.