हनुवटीवरचं बोट

तुकाची बायको माघी पहाटे तापात गेली. तिला अंगणात ठेवून तुका साखरशेतहून जीपनं जव्हारला आला, मूकबधिर मुलांच्या शाळेतून लेकीला न्यायला. कविता तिथं नववीत होती. तिच्या खुणा माघीनंच शिकून घेतल्या होत्या, तुकानं कधी मनावर घेतलं नाही. माघी हसायची, "पोरीशी बोलायची तुझी जीभ माझ्या हातात हाय."

"तुकाभाऊ, मी सांगू का तिला?" बाईंनी विचारलं.

"नको बाई. बापानंच सांगाया पाहिजे."

कविता धावत आली. तुकाला एकच खूण येत होती. माघीच्या हनुवटीवर गोंदण होतं, म्हणून त्यानं आपल्या हनुवटीला बोट लावलं. आई. पुढं काय करायचं ते हातांना सुचेना.

कविताचा चेहरा खुलला. ती फाटकाबाहेर पळाली, जीपमध्ये वाकून पाहिलं आणि वळून हातानंच विचारलं, कुठंय?

तुकानं गावाकडं हात केला.

ती हसत जीपमध्ये बसली. वाटभर बोटांनी काहीबाही सांगत राहिली, तो मान हलवत राहिला. साखरशेतची घरं दिसू लागली, तरी तिला सांगायचं राहिलंच होतं.