हाताचं माप

तीन वर्षं नाक घासल्यावर टायपिस्टबाईंसाठी मनगट न दुखवणारा कीबोर्ड एकदाचा आला. मधोमध दोन भागांत फाकलेला, कडांना उतरता.

"हाताचं माप देऊन बनवून घेतलाय बाई, ऐरागैरा नाही!" साहेबांनी तो स्वतः खोक्यातून काढून टेबलावर मांडला.

बाईंनी मनगटावरचा पट्टा सोडला, तळवे टेकवले. करंगळी शेवटच्या बटणाच्या बोटभर अलीकडेच राहिली. ताणली, तशी कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"साहेब, पण माझं माप कधी घेतलं?"

"माप घेणारा आला, तेव्हा तुम्ही नेमक्या हात दाखवायला दवाखान्यात. मग दिलं मीच माझं. काम कशाला अडवायचं?"

साहेबांनी उभ्या आयुष्यात स्वतःचं एक पत्रही टाइप केलं नव्हतं. आताही ते खुर्चीत रेलले आणि घसा खाकरून म्हणाले, "हं, घ्या. आभाराचं पत्र. आपल्या कीबोर्डमुळे आमच्या कर्मचाऱ्यांची हातदुखी कायमची थांबली आहे..."

बाईंनी पट्टा पुन्हा आवळला, खणातून जुना कीबोर्ड काढून जोडला आणि पत्र एकही चूक न करता टाइप करून सहीला ठेवलं.