चकलीचे केस

पलंगाखाली गळपट्ट्याचं घुंगरू किणकिणलं आणि घरातली शांतता मोडली. कुत्र्यांच्या पार्लरमधून आल्यापासून संघप्रियाची पूडल कुत्री, चकली, तिथेच दडून बसली होती. रोज मांडीवर घेऊन तिने चकलीची एकेक कुरळी बट जपून विंचरलेली. आंघोळ घाल आणि नखं काप, एवढंच सांगितलं होतं. पार्लरवाल्याने अंगभर मशीन फिरवून सगळे केस उतरवले.

संघप्रियाने त्याला फोन लावला. तिचे दोन्ही हात लेकीच्या, जानूच्या केसांत होते, म्हणून स्पीकरवर.

"मॅडम, बाल बहुत घुंघराले थे, संभलते नहीं. अब कैसी साफ दिखती है!"

"साफ? घुंघराले मतलब गंदे, ऐसा तुमको किसने बोला? वो जैसी थी वैसीच अच्छी थी! सुबह से थरथर कांप रही है बिचारी!"

फोन बंद झाला तरी तिचा संताप उतरेना. "मुक्या जिवाला विचारणार कोण? आपल्या मनाला येईल तसं करून मोकळे!" असं म्हणत तिने जानूची पुढची बट तापलेल्या स्ट्रेटनरमध्ये धरली. संध्याकाळी भाईंदरला जानूच्या आत्याचा साखरपुडा होता. "हलू नकोस गं, भाजेल."

जानूने आरशात पाहिलं. अर्धं डोकं सरळ झालं होतं, अर्धं अजून कुरळं होतं.

"आई, तू त्या काकांना विचारलंस ना, किसने बोला म्हणून? मग माझे सरळ करायला तुला कोणी सांगितलं?"