धाकट्या जावेची गाडी
धाकट्या दिरानं एसयूव्ही घेतली, तेव्हा पेढा गीताच्या घशाखाली उतरला नाही. आठवड्याभरातच ती गाडी अंबरपेठच्या पुलावर बंद पडली. दिवे गेले, दारं लॉक झाली, आत पोरं रडून लाल झाली. गीता हादरली. आपलीच नजर लागली! बौद्धांच्या घरात नजर-बिजर कुणी मानत नव्हतं, तरी तिनं गुपचूप बंपरमागं लिंबू-मिरची बांधली. दर शनिवारी बदलायचीही. मग एक दिवस धाकटी जाऊ वैतागून वर आली. “ताई, वायरिंगमध्येच खोट निघाली! अशा हजारो गाड्या कंपनी परत बोलवायली. पण पार्ट कधी येईल, कोणी सांगंना. परेशान झालो!” गीतानं तिला चहा पाजला, कंपनीला शिव्या घातल्या. आपला काही दोष नव्हता तर! मग खाली जाऊन तिनं लिंबू-मिरची सोडली आणि पायरीवर बसून, गाडीकडे बघत ती निवांत जळत राहिली.